तीन हजारावर धर!

इंजिन एकदा खोलून परत जोडलं की दोन-तीन नट-बोल्ट उरतातच. गाडी चालू होते, पळते, पण ते बोल्ट नेमके कुठले हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. मग ते एखाद्या बिस्किटाच्या डब्यात जातात आणि तिथेच साचत राहतात. किश्शांचंही तसंच आहे. मी काही ते जमवायला गेले नव्हते. मी फक्त गाडी चालवत होते. पण आता कुणी चहाला आलं आणि विषय गाडीवर गेला की ‘ते म्हशींचं सांग ना’ अशी फर्माईश होतेच. सांगून सांगून थकलेय मी. तरी सांगते.

आधी माणसं सांगून घेते, म्हणजे मध्येच ‘हा कोण’ म्हणून विचारायला नको.

मी सुजाता. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलमध्ये. दिवसभर उभं राहायचं आणि कालचा निळा आणि आजचा निळा एकच आहे का ते बघायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत मला भाजीसुद्धा निळी दिसायची. नवरा मिलिंद. मोरिवलीच्या बाजूला एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. ‘होता’ म्हणजे कंपनीला टाळं लागायच्या आधी व्हीआरएस घेऊन बाहेर पडला. आणि सासरे, म्हणजे बाबा. जन्मभर युनियनचा माणूस. गेटसमोर मांडव टाकून बसायचं सोडून पोराने मुकाट सही केली, याचा त्यांना इतका राग आला की त्यांनी मिलिंदशी बोलणंच टाकलं. राहायचं दोन खोल्यांत. ‘सुजाता, त्याला सांग, पाणी आलंय.’ ‘सुजाता, त्याला सांग, पंखा बंद कर.’ तो समोरच बसलेला असायचा! मी आपली घरातली टेलिफोन ऑपरेटर.

चौथा परसू. मिलिंदचा आयटीआयपासूनचा दोस्त, उल्हासनगरात कॅम्प तीनला इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान. सिंधी, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचा आणि तिन्ही भाषांत खोटी गॅरंटी द्यायचा.

आमची मुलगी रमा तेव्हा बारावीला होती. ती या गोष्टींत फारशी येणार नाही, कारण तिने त्या काळात बिल्डिंगखाली आम्हाला ओळख दाखवणंच बंद केलं होतं.

व्हीआरएसनंतरचे पहिले काही महिने मिलिंद नुसता छताकडे बघत पडलेला असायचा. मी कामाला जाताना जसा, तसाच परत आल्यावर. मग एक दिवस परसू एक जुना लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, ‘साईं, बाहेर देशात लोक गाडीचं इंजिन कॉम्प्युटरवरून सेट करतात. पेट्रोल किती द्यायचं, स्पार्क कधी मारायचा, सगळं आपण लिहायचं. तू कंपनीत हेच करायचास ना?’

मिलिंद उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दाढी केली. त्या दाढीपायी मी पुढचे सगळे रविवार दिले.

* * *

गाडी आमची सेकंडहँड, पांढरी, बरे दिवस होते तेव्हा घेतलेली. तिच्यात कंपनीने बसवलेला जो मेंदू असतो, तो मिलिंदने काढला आणि त्या जागी स्वतः जोडलेली एक पेटी बसवली. पेटीचे भाग पार्सलने आले होते. डायनिंग टेबलवर सोल्डरिंग चालू होतं तोवर आम्ही सगळे गॅलरीत बसून जेवत होतो.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या दिवशी परसू नारळ आणि लिंबं घेऊन हजर. चाकाखाली लिंबू ठेवणार इतक्यात बाबा खुर्चीतून म्हणाले, ‘सुजाता, त्यांना सांग, आपल्यात हे असलं काही करत नाहीत.’

परसू बिचारा हात जोडून म्हणाला, ‘फिर बाबूजी, नाव कुणाचं घेऊन स्टार्ट करू?’

‘पेट्रोलचं घे!’

परसूने खरंच ‘जय पेट्रोल’ म्हणून चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, आणि मग असा आवाज झाला की समोरच्या झाडावरचे कावळे त्या दिवशी परत आलेच नाहीत. स्पार्क भलत्याच वेळी पडला होता. सायलेन्सर उभा फाटला. तळमजल्यावरचे सेक्रेटरी जोशीकाका टॉवेलवर बाहेर आले, तोंडाला अर्धा साबण. ‘सिलिंडर कुणाचा? सिलिंडर कुणाचा?’

मिलिंद धुरातून म्हणाला, ‘आमचे चारही शाबूत आहेत, काका!’

दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली. सुंदर वळणदार अक्षर. ‘सोसायटीच्या आवारात स्फोट करण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’

संध्याकाळपर्यंत खाली कुणीतरी खडूने लिहिलं होतं, ‘दिवाळी सोडून.’

* * *

गाडी चालू व्हायला लागली. पण चालू होणं वेगळं आणि चालणं वेगळं. लॅपटॉपवर एक मोठा तक्ता असायचा, चौकोनच चौकोन. इंजिन मिनिटाला किती हजार वेळा फिरतंय आणि त्यावर ओझं किती, त्याप्रमाणे प्रत्येक चौकोनात पेट्रोलचा आकडा भरायचा. तो आकडा बरोबर आहे की नाही हे गाडी रस्त्यावर नेल्याशिवाय कळत नाही. म्हणजे एकाने चालवायचं आणि एकाने स्क्रीनकडे बघायचं.

सुरुवातीला चालवायला परसू होता. चिखलोलीच्या बाजूला तेव्हा बिल्डिंगी नव्हत्या, मोकळा रस्ता होता. दोघं सकाळी जायचे, मिलिंद सगळं रेकॉर्ड करून आणायचा आणि मग दिवसभर त्या वेड्यावाकड्या रेघांकडे बघत बसायचा. एकदा त्याच्या लक्षात आलं की व्होल्टेजची रेघ मधूनमधून खाली आदळतेय. काही कारण नाही, मध्येच धप्प! त्याने बॅटरी तपासली. अल्टरनेटर काढला, घासला, परत बसवला. वायरिंग सगळं नवीन केलं. पुढच्या रविवारी परत तेच. धप्प, धप्प, धप्प.

शेवटी वैतागून त्याने मला मागे बसवलं. ‘तू नुसतं बघ, काय होतं ते.’

मला बघावं लागलंच नाही. ऐकूच आलं.

‘परसूभाई,’ मी म्हटलं, ‘रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. हॉर्न कुणाला मारताय?’

‘आदत आहे, भाभी. कॅम्प तीनमध्ये हॉर्नवरचा हात काढला तर गाडी बंद पडल्यासारखं वाटतं!’

प्रत्येक हॉर्नबरोबर रेघ धप्प! मिलिंदने लॅपटॉप मिटला, डोळेही मिटले. मग म्हणाला, ‘सुजाता, पुढे ये.’

अशी मी ड्रायव्हर झाले. सोमवार ते शनिवार निळा रंग, आणि रविवारी ही पांढरी गाडी. बादलीत भिजवलेले कपडे संध्याकाळपर्यंत बादलीतच.

* * *

धुराड्याच्या नळीत एक सेन्सर लावावा लागतो. पेट्रोल जास्त पडतंय की कमी, ते तो सांगतो. जास्त पडलं तर त्याला ‘रिच’ म्हणतात, कमी पडलं तर ‘लीन’. हे शब्द आमच्या घरात इतके रुळले की एकदा बाबा आमटीचा घास घेऊन म्हणाले, ‘सुजाता, आज लीन झालीय.’

चांगला सेन्सर बाहेरून मागवायचा तर वेळ लागणार होता. परसू म्हणाला, ‘मी आहे ना!’ आणि चौथ्या दिवशी एका चकचकीत खोक्यातून सेन्सर घेऊन आला. मिलिंदने उलटसुलट करून बघितला. ‘परसू, हा डुप्लिकेट आहे.’

‘साईं, डुप्लिकेटमध्ये हा ओरिजिनल आहे!’

लावला. आणि काय सांगू, चमत्कार! स्क्रीनवर आकडा एकदम जिथे हवा तिथे. मी हळू चालवली, बरोबर. जोरात चालवली, बरोबर. चढावर, उतारावर, ब्रेक मारला, सगळीकडे बरोबर. मिलिंदच्या चेहऱ्यावर मी कितीतरी महिन्यांनी हसू बघितलं. ‘जमलं गं! सगळा तक्ता जमला!’ आम्ही बदलापूरला थांबून वडापाव खाल्ला. तो मला शाळेतल्या पोरासारखा ते सगळं समजावून सांगत होता आणि मी मान डोलवत होते. पाय दुखत होते, पण बरं वाटत होतं.

मग मी चावी काढून पर्समध्ये टाकली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू होता, सेन्सरची वायर मिलिंदने सरळ बॅटरीला जोडलेली होती. इंजिन बंद. बॉनेटखाली चिडीचूप.

स्क्रीनवर मिश्रण अजूनही एकदम परफेक्ट!

घरी येऊन सेन्सर फोडला. आत कायम एकच आकडा देणारा बारकासा रेझिस्टर आणि बाकी एम-सील. मिलिंदने परसूला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि नुसतं एवढंच म्हणाला, ‘इंजिन बंद असताना पण तोच आकडा येतोय.’

 मग परसू म्हणाला, ‘बघ. मी म्हटलं होतं ना, हा पीस तुला कधी कंप्लेंटचा मोका देणार नाही!’

* * *

आता म्हशी.

खरा सेन्सर आला. मग मिलिंदला गाडीत ओझं हवं झालं. रिकाम्या गाडीत तक्त्याचे वरचे चौकोन भरतच नाहीत म्हणे. त्याने मागे तांदळाच्या गोणी टाकायचं ठरवलं. बाबा दारात उभे होते. म्हणाले, ‘सुजाता, त्याला सांग, तांदूळ कशाला? मी बसतो.’

मी सांगितलं. तो म्हणाला, ‘त्यांना सांग, चालेल.’

एवढं बोलणं झालं. बाबा स्वच्छ सदरा घालून, चष्मा पुसून मागे बसले, जणू कुठे सभेला निघालेत.

जांभूळ गावाच्या बाजूचा रस्ता घेतला. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला पाण्याची मोठी पाइपलाइन. सकाळची वेळ, रस्ता रिकामा. मी तिसऱ्या गिअरमध्ये. शेजारी मिलिंद, मांडीवर लॅपटॉप, मान खाली. तो ट्यूनिंग करताना मान वर करत नसे. जग बुडालं असतं तरी ते आधी त्याच्या रेघांत दिसलं असतं.

‘तीन हजारावर धर.’

‘धरलंय.’

‘अठ्ठावीसशे आहे. थोडं दाब. जास्त झालं. कमी कर. आता जास्त कमी झालं.’

‘अहो, लग्नाला अठरा वर्षं झाली, हेच ऐकतेय मी!’ बाबांसमोर मी अहो-जाहो करायचे.

‘बोलू नको, पाय हलतो तुझा. हां, आता! तीन हजार! असंच धर. हलू नको. तीन हजारावर धर...’

तेवढ्यात पुढच्या वळणावरून म्हशी आल्या. दोन-चार नाही, सगळा गोठाच बाहेर पडलेला. रस्ता भरून, आरामात, पाठीवर बगळे घेऊन.

‘अहो, म्हशी आहेत!’

‘तीन हजार!’

‘अहो, समोर म्हशी!’

‘सोडू नको, सुजाता, नुकताच भरायला लागलाय!’

आणि मागून आवाज आला. सव्वा वर्षात त्याच्या नावाने न निघालेला आवाज. ‘मिल्या! म्हशी!’

मिलिंदची मान वर झाली नाही. तो तसाच म्हणाला, ‘म्हशींचं नंतर बघू बाबा, आधी हा चौकोन भरू दे!’

मी ब्रेक दाबला. लॅपटॉप डॅशबोर्डवर, मिलिंद लॅपटॉपवर, आणि बाबा आमच्या दोघांच्या मध्ये. पहिल्या म्हशीचं तोंड काचेला लागलं होतं. ती आत बघत रवंथ करत होती. मिलिंदने तिच्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे बघितलं, आणि म्हणाला, ‘भरला.’

 घरी आल्यावर बाबा पाणी प्यायले, चष्मा काढला आणि माझ्याशी हळूच म्हणाले, ‘मी त्याला हाक मारली, हे त्याच्या लक्षात तरी आलं का गं?’

मी म्हटलं, ‘विचारू का?’

‘नको,’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून परत ‘त्याला सांग’ सुरू!

* * *

बदलापूरच्या नाक्यावर एकदा आम्हाला हवालदाराने अडवलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. गाडीतून वायरी बाहेर आलेल्या, त्या खिडकीतून बॉनेटमध्ये गेलेल्या, मिलिंदच्या मांडीवर लॅपटॉप, दाढी परत वाढलेली. दिवस तेव्हा असे होते की रस्त्यात बेवारस पिशवी दिसली तरी लोक लांबून जायचे.

‘हे काय आहे?’

हा प्रश्न मिलिंदला कुणीच विचारायचं नाही. त्यामुळे त्याला इतका आनंद झाला की तो गाडीतून उतरला, बॉनेट उघडलं आणि सुरू झाला. हवा किती, पेट्रोल किती, स्पार्क कधी, हा तक्ता, ही रेघ. मागे ट्रक हॉर्न मारतायत आणि हा हवालदाराला ‘आता इथे बघा, इथे रिच होतंय’ करून दाखवतोय. हवालदाराने बिचाऱ्याने बराच वेळ ऐकून घेतलं. मग घाम पुसत माझ्या खिडकीशी आला.

‘मॅडम, तुम्ही सांगा. काय आहे हे?’

मी फार दमले होते हो. तिसरा रविवार सलग. खोटं बोलायचं त्राण नव्हतं आणि खरं समजवायचंही नव्हतं. म्हटलं, ‘साहेब, ह्यांची कंपनी बंद पडलीय.’

 हवालदाराने मिलिंदकडे बघितलं. तो अजून बॉनेटमध्ये डोकं घालून कुठलीतरी वायर दाखवत होता.

‘माझा भाऊ पण घरीच आहे,’ हवालदार म्हणाला. ‘त्याने कबुतरं पाळलीत.’

मग त्याने ट्रक थांबवून आम्हाला वाट करून दिली.

* * *

सगळं जमलं तरी एक गोष्ट जमत नव्हती. गाडी उभी असताना इंजिन नीट चालत नसे. पळताना छान, पण सिग्नलला थांबली की आवाज वर-खाली, वर-खाली, आणि मग बंद. मिलिंद म्हणायचा, ‘पळवणं सोपं असतं गं. उभं ठेवणं कठीण.’ मी म्हणायचे, ‘मला सांगतोस?’

ते लोडशेडिंगचे दिवस. संध्याकाळी जेवायच्या वेळेलाच वीज जायची. अशाच एका संध्याकाळी जोशीकाका धावत वर आले. तेच, स्फोटाच्या सूचनेवाले. काकूंना दम्याचा अटॅक आला होता, घरात वाफ द्यायचं मशीन होतं, पण वीज नाही. आमच्या गाडीतून न्यायचं तर ती सिग्नलला बंद पडायची. रिक्षा आणायला कुणीतरी गेलं होतं, ती मिळेपर्यंत काय?

‘मिलिंद, तू लॅपटॉप गाडीवर चालवतोस ना रे?’

मिलिंदकडे गाडीच्या बारा व्होल्टवरून घरच्यासारखी वीज काढायचा छोटा इन्व्हर्टर होता. आम्ही गाडी जोशांच्या खिडकीला लावली, खिडकीच्या गजातून वायर आत घेतली. मशीन सुरू झालं आणि इंजिनने लगेच मान टाकली. वर-खाली, वर-खाली. बॅटरी जुनी, इंजिन बंद पडलं असतं तर मशीनही बंद!

मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवणार, तर मिलिंद म्हणाला, ‘नको. पाय काढ. तुझा पाय किती वेळ पुरेल?’

बॉनेटवर लॅपटॉप, बाबांच्या हातात टॉर्च. आतून काकूंचा श्वास ऐकू येत होता, शिट्टीसारखा. मिलिंद एकेक आकडा बदलायचा, कान लावायचा, परत बदलायचा. मी त्याला इतका शांत कधी बघितला नव्हता. कंपनीत तो असाच असायचा का, मला काय माहीत? मी कधी गेलेच नव्हते. हळूहळू वर-खाली थांबलं. इंजिन एका सुरात चालायला लागलं, इतकं एकसारखं की खिडकीतून मशीनची घुरघुर वेगळी ऐकू यायला लागली. रिक्षा येईपर्यंत ते तसंच चाललं. काकू स्वतःच्या पायांनी चालत रिक्षात बसल्या.

बाबांनी टॉर्च विझवला. म्हणाले, ‘सुजाता, त्याला सांग...’ आणि टॉर्च खिशात घालून जिना चढायला लागले.  सांगण्यासारखं दिलं असतं तर सांगितलं असतं.

दोन दिवसांनी काकू घरी आल्या आणि फळ्यावर नवी सूचना लागली. तेच वळणदार अक्षर.

‘सोसायटीच्या आवारात स्फोट करण्यास सक्त मनाई आहे. श्री. मिलिंद यांना सूट. हुकुमावरून.’

* * *

पुढे मिलिंदला गुजरातमध्ये एका प्लांटवर नोकरी लागली. इंटरव्ह्यूत विचारलं, मधल्या दीड वर्षात काय केलं? ह्याने लॅपटॉप उघडून रेघा दाखवल्या. नोकरी रेघा बघून दिली की दया येऊन, देव जाणे. आमच्यात देव नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही.

तो तिकडे कंपनीच्या क्वार्टरमध्ये, इकडे मी, रमा आणि बाबा. गाडी मीच चालवायचे, कारखान्यात न्यायचे. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. मी कशी आहे हे तो विचारायचा, नाही असं नाही. पण त्यानंतर लगेच, ‘गाडी स्टार्ट कर ना. ऐकव.’

मग मी खाली जायचे, गाडी सुरू करायचे, बॉनेट उघडून मोबाइल इंजिनवर धरायचे. पहिले काही रविवार तो काहीतरी सांगायचा, हे बघ, ते बघ. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही, गाडी चांगली चालत होती. तरी फोन यायचा. ‘ऐकव.’ मी धरायचे. तो तिकडे नुसता ऐकत बसायचा. माझा हात भरून यायचा, मग मी मोबाइल दुसऱ्या हातात घ्यायचे. एकदा विचारलं, ‘तिकडे रविवारी काय करतोस रे?’ तर म्हणाला, ‘हेच.’

बाबा फोनवर कधी आले नाहीत. मोबाइल वाजला की उचलून माझ्याकडे द्यायचे. ‘त्याचा आहे.’

आणि मग परसूच्या पुतणीचं लग्न आलं. त्याला नवरीसाठी पांढरीच गाडी हवी होती. मी दिली. मिलिंदला सांगितलं नाही, कारण परसू आणि हॉर्न हे ऐकून तो तिथून पहिल्या गाडीने निघाला असता. आणि रविवारी सकाळी मी कपडे पिळत होते, तर फोन वाजला. माझे हात साबणाचे. बाबांनी स्पीकर दाबून मोबाइल माझ्यासमोर धरला.

इकडचं तिकडचं झालं. आवाज त्याचा जरा बसलेला वाटत होता. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाला, ‘बरं आहे. जरा कंटाळा आलाय. ऐकव ना गाडी.’

मी बाबांकडे बघितलं. मोबाइलपासून तोंड वळवून हलक्या आवाजात म्हटलं, ‘आता काय सांगू? गाडी तर उल्हासनगरात आहे.’

बाबांनी दुसऱ्या हातातला पेपर खाली ठेवला. मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. आणि म्हणाले, ‘थांब रे. ऐकवतो.’

एवढं बोलून त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि ओठ मिटून आवाज काढायला सुरुवात केली. ‘डुर्र्र्र्र्र्र्र...’

माझ्या हातातला टॉवेल बादलीत पडला. रमा आतून धावत आली. मी तिला खुणेने गप्प केलं. बहात्तर वर्षांचे माझे सासरे, गालाची कातडी थरथरतेय, मान ताठ, नजर समोरच्या टाकीवर. ‘डुर्र्र्र्र्र्र्र...’

 मला वाटलं, फोन कट झाला.

मग मिलिंद म्हणाला, ‘बाबा, जरा रिच वाजतंय.’

बाबा थांबले. श्वास घेतला. जरा बारीक आवाजात परत सुरू केलं.

‘अजून थोडं.’

बाबांनी अजून थोडं कमी केलं.

‘हां. आता बरोबर.’

 खालून भंगारवाला ओरडत गेला. बाबांनी एका हाताने कठडा धरला होता.

‘बंद नका करू बाबा,’ मिलिंद म्हणाला. ‘राहू दे असंच थोडा वेळ.’

बाबांनी मान हलवली आणि चालू ठेवलं.